अमेरिकेचा नळ आला!

अमेरिकेतला अर्धा इंच आणि लातूरचा अर्धा इंच यांची एकमेकांशी ओळख नाही.

आमच्या मधल्या दाराच्या पडद्याला खाली एक जड पितळी रिंग बांधलेली आहे. कितीही वारा सुटू द्या, पडदा उडत नाही.

भूकंप झाल्यापासून आमच्या गल्लीत काही गडगडलं, की माणूस आधी मैदानात पोचतो आणि मग चप्पल आठवतो.

शेजारच्या सिद्धम्मामावशींचं माहेर भालकीकडचं. त्यांना मराठी सगळं कळतं. बोलायची वेळ आली की त्या कानडीतच बोलतात.

आता हे सगळं जोडतो. जोडणी हा तसा माझाच विषय! मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. द्रवाचा दाब हा धडा शेषेराव सरांकडून ऐकावा, असं पोरं शिरूर अनंतपाळपर्यंत सांगतात. त्यामुळे मोरीतला एक गळका नळ बदलणं म्हणजे माझ्यासाठी काय? चहा गार व्हायच्या आत होणारं काम!

आमचा नळ थेट नगरपालिकेच्या लाइनवर. पाणी कधीतरी येणार, तासभर राहणार. त्याच नळाला पाइप लावून टाकी भरायची. पण तो बाजूने इतका गळायचा, की टाकीपेक्षा गटार आधी भरायचं. वर आमच्याकडे क्लासच्या दोन पोरी भाड्याने राहायच्या. चाकूरची सुकन्या आणि बिलोलीची उजमा. उजमाचे वडील जलीलभाई येऊन स्पष्ट सांगून गेले होते,
"सर, शिकवणं तुमचं एक नंबर हाय. पण लेकरं घागरी वाहून राहिली तर वाचतील कधी? या पाण्याला टाकी भरली न्हाई, तर मी दोघींला दुसरीकडं ठेवतो."

त्याच आठवड्यात माझा मेहुणा हरिओम अमेरिकेहून नांदेडला आला. म्हणाला, "दाजी, तिकडचा नळ देतो. थेंब गळला तर मिशी काढीन!"
(त्याला मिशी नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.)

नांदेडच्या बसने खोकं आलं. मी रिक्षातून उतरलो तो ओरडतच, "नळ आला! नळ आला!"

झालं! घराघरातून हंडे, कळशा, पिंपं, पातेली धावत सुटली. कोपऱ्यावरच्या माणिकप्पांनी तर कोरडीच मोटर चालू केली.
"कुठंय पाणी?"
"पाणी नाही हो, नळ आला!"
"नळ आला म्हंजे पाणीच की!"
"हा अमेरिकेचा नळ आहे."
माणिकप्पांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "बिनपाण्याचाच पाठवला का मग?"

दुसऱ्या दिवशी आसिफ प्लंबर आला. त्याने कॉक बंद केला, जुना नळ काढला आणि नवा फिरवला. दोन आटे गेला आणि नवरदेवासारखा रुसून बसला.
"सर, ह्याचे आटे अलग हायत."
"अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच! लाव जोर."
"जोर लई लावला."
"मग सुतळी लाव."
सुतळी झाली. सफेदा झाला. सायकलच्या ट्यूबची पट्टी झाली. नळाला पागोटं बांधल्यासारखं दिसायला लागलं.
"बसला का रे?"
"बसला न्हाई सर, पण रेलून राहिला. टेस्टिंग करू?"
"कर!"

आसिफने कॉक उघडला. आधी काहीच नाही. मग पाइपात कुठेतरी खोल रेडा डुरकल्यासारखा आवाज आला. गुर्रर्र! भिंत थरथरली, मांडणीवरची ताटं वाजायला लागली.

"हाललं! हाललं!"

सगळी गल्ली मैदानात! सर्वात पुढे आसिफ, त्याच्या मागे मी. माणिकप्पांची अर्धीच दाढी झालेली. बायको हातातल्या लाटण्यासह. आपल्या घरात थांबल्या त्या एकट्या सिद्धम्मामावशी. त्या ओरडत होत्या, "नीर बंतु! नीर बंतु!"

"देवाचा धावा करून राहिल्या बिचाऱ्या," माणिकप्पा म्हणाले.

मी लोकांना धीर दिला. "घाबरू नका. हा भूकंप नाही, माझा नळ आहे. पाइपात हवा अडकली, की असा आवाज होतो." हवा कशाने ढकलली, हा प्रश्न क्लासमध्ये कुणी विचारला असता तर मी लगेच उत्तर दिलं असतं. मैदानात कुणी विचारला नाही.

तेवढ्यात वही आणायला परत वर गेलेली सुकन्या गॅलरीत आली. "सर! नळ आला! लवकर या, नळ आला!"
गल्ली हसली. "आता न्हाई फसत!"
मीही हसलो. "आला नाही ग, खाली पडला असेल! राहू दे."

मग विषयातून विषय निघत गेले. भिंतीला आधी तडा कुठून जातो, हे मी चपलेच्या टोकाने मातीत आकृती काढून समजावलं. लोक मन लावून ऐकत होते. बऱ्याच वेळाने परतलो, तेव्हा अमेरिकेचा नळ मोरीत आडवा पडला होता, पाइपातून शेवटची धार गळत होती आणि गटार काठोकाठ वाहत होतं. टाकी कोरडी. सबंध गल्लीत भरलेलं घर एकच. सिद्धम्मामावशींनी हंडे, पिंपं तर भरलीच, पण चहाच्या कपबशासुद्धा भरून ठेवल्या होत्या.

"मावशी, हाक तरी मारायची!" बायको म्हणाली.
मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "नीर बंतु," त्या हळू, एकेक अक्षर सोडवून म्हणाल्या.
"म्हणजे 'पाणी आलं', मॅडम," उजमाने सांगितलं. "त्यांच्याकडं नळ येत न्हाई. पाणीच येतंय."

रविवारी जलीलभाई आले. टाकीवर बोटाने टकटक केलं. टाकी घंटेसारखी वाजली. पोरींच्या बॅगा मावशींकडे गेल्या. जाताना जलीलभाईंनी माझा हात हातात घेतला.
"शिकवणं तुमच्याकडंच, सर. फक्त पाणी तिकडं."

हरिओमच्या खोक्यात नळासोबत एक पितळी रिंग आली होती. तिला आतून अमेरिकेचे आटे होते आणि बाहेरून आपले.