तायडेभाऊंच्या विजेच्या रेकॉर्डी

आमचे शेजारी तायडेभाऊ रविवारी सकाळी कुंपणाशी येऊन माझ्या हातात एक कागद ठेवायचे. तो कागद उभा धरायचा की आडवा, हे मला कधीच कळलं नाही.

कागद म्हणजे ट्रेसिंग पेपरचा कापलेला तुकडा. त्यावर पेन्सिलीची एक रेघ. कुठे चढलेली, कुठे धपकन पडलेली, मध्येच सपाट. पहिल्यांदा मला तो तापाचा तक्ता वाटला. मी काळजीनं विचारलं, "भाऊ, घरी कोणी आजारी आहे का?"

"नाई बाई! हे गानं हाय. नव्या रेकॉर्डचं. इथं पाहा चढते, इथं पानी अडवल्यावानी होते, अन् इथं दरवाजे उघडले! तुमी ऐकाच एकडाव."

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी अमरावतीच्या राजापेठेतल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. तायडेभाऊ कालव्यांच्या कचेरीत ट्रेसर होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे गिरवायचे, त्यामुळे त्यांना गाणंसुद्धा पाण्यासारखंच दिसायचं. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही. घरात एक खाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि विजेवर चालणारा एक जुना रेकॉर्ड प्लेयर. तो त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणला होता.

रेकॉर्डी सगळ्या परदेशी. वेष्टनावर नाचणारी गोरी जोडपी. आत ना गाणारा, ना तबला, ना पेटी. "यात माणूस वाजवतच नाई," तायडेभाऊ हलक्या आवाजात सांगायचे, "हे बिजली वाजवते." आणि मग ठरलेली सूचना द्यायचे, "पयले दोन मिनिटं सोडून द्या. मंग पाहा!"

ही शिफारस ते कुणालाही करत. दूधवाल्याला करत, कचेरीतल्या हेडक्लार्कला करत. भाजीवाल्या मंजुळाबाईंना तर टोपली उतरवायच्या आतच त्यांनी कागद दिला. त्या म्हणाल्या, "माह्या घरी कंदील हाय भाऊ. मी कायच्यावर वाजवू?" तायडेभाऊ विचारात पडले. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मंग कागद तरी ठेवा."

एकदा त्यांनी आम्हा दोघा नवराबायकोला ऐकायला बोलावलं. सतरंजी अंथरली, चिवडा ठेवला. सुई टेकली आणि खोलीत जे काही सुटलं त्याचं वर्णन मला आजही करता येत नाही. किणकिण, चिवचिव, मध्येच सुसाट धावणारं काहीतरी. माझे यजमान माझ्या कानाशी म्हणाले, "कापसाच्या जिनिंगच्या मशीनवर कोणी मांजर बसवलंय का?" दोन मिनिटं सोडून दिली. पुढची दोनही सोडावीशी वाटली.

रेकॉर्ड थांबली. तायडेभाऊ आमच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं वाटलं?"

"वेगळं आहे," मी म्हणाले.

"वेगळं म्हंजे? आनंदी? का नाराज?"

नाचाच्या गाण्याला नाराज का विचारावं? मी गोंधळून यजमानांकडे पाहिलं. ते चिवड्यातले शेंगदाणे शोधत होते. "आनंदीच असेल," मी म्हटलं. तायडेभाऊंनी वही काढून त्यात लिहिलं: 'बाई – आनंदी असेल.' वर नजर गेली तर आधीच्या ओळी होत्या: 'हेडक्लार्क – डोकं दुखलं. दूधवाला – समजलं नाही.'

हा माणूस करतोय तरी काय, हे मला एका दुपारी कळलं. पोस्टमन त्यांचं पार्सल माझ्याकडे देऊन गेला होता, ते द्यायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोरा सोडला, रेकॉर्ड खाटेवर ठेवली आणि वेष्टन उलटं करून झटकलं. मग आत डोळा लावून पाहिलं. मग खोक्याचा कागदन् कागद उलगडला.

"चिठ्ठी नाई," ते म्हणाले.

"कुणाची चिठ्ठी?"

"वसंताची. माह्या लहान भावाची." ते खाटेच्या कडेवर बसले. "मीच वाढवला त्याले. आमच्या घरात पयली सरकारी नोकरी माही. दुसरी त्याची व्हावी म्हनून साहेबाच्या मागं लागून जागा पाह्यली, तं हा म्हने मी जहाजावर जातो. मी रागात म्हनलं, गेला तं पुन्हा तोंड दाखवू नको. आता थो तोंड दाखवत नाई. रेकॉर्डी पाठवते."

"आणि पत्र?"

"एकबी नाई. मंग यातच काईतरी सांगत अशीन न बाई थो? मले समजत नाई. म्हनून साऱ्याइले ऐकवतो. कोनाले तरी समजीन."

मी शाळेत मराठी शिकवत होते. अर्थ सांगणं हेच माझं काम, आणि मला त्या किणकिणीतलं अक्षर कळलेलं नव्हतं.

पुढे त्यांच्या प्लेयरची सुई तुटली. तसली सुई अमरावतीत मिळेना. आम्ही माझ्या नणंदेकडे अकोल्याला निघालो होतो, तर तायडेभाऊ प्लेयर चादरीत बांधून आमच्यासोबत आले. तिथल्या एका रेडिओच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं नवी सुई बसवली, रेकॉर्ड लावली आणि लगेच उचलली.

"भाईसाब, ये किस रफ्तार पे सुनते हो?"

"जशी फिरते तशी."

"ये मिनट में तैंतीस चक्कर की है, आप अठहत्तर पे घुमा रहे हो. ये देखो, खटका जाम है."

"तेहतीस लिहेल हाय, थे मी साल समजलो," तायडेभाऊ म्हणाले.

दुकानदार हसला नाही. त्यानं तेलाचे दोन थेंब सोडून खटका सरकवला आणि सुई पुन्हा टेकवली. चिवचिव नाहीशी झाली. एक संथ, लांब सूर दुकानभर पसरला. मागे कुणीतरी सावकाश पावलं टाकत चालावं तसा ठेका. नाच होता, पण दमलेल्या माणसांचा. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हे आनंदी नव्हतं, एवढं मला कळलं.

तायडेभाऊ स्टुलावर बसले. रेकॉर्ड संपली तेव्हा म्हणाले, "पुन्हा लावा." तीन वेळा लावली. मग मला म्हणाले, "बाई, थो तिकडं खुश हाय असं समजून मी राग धरून बसलो न."

घरी आल्यावर त्यांनी पार्सलावरच्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मला तपासायला दाखवलं. एकच ओळ होती: 'तुझ्या रेकॉर्डी ऐकल्या, घरी ये.' मी काहीच दुरुस्त केलं नाही.

पाचएक महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या दाराशी रिक्षा थांबली. उंच, रापलेला, तिशी ओलांडलेला माणूस ट्रंक घेऊन उतरला. दोघं भाऊ अंगणात समोरासमोर आले. तायडेभाऊंनी एकदम रेकॉर्डीचाच विषय काढला.

"थे सावकाशवालं... तुले लय आठवन येत होती का रे घरची?"

वसंता गोंधळला. "कोन्तं सावकाशवालं? मी त्या रेकॉर्डी कधी ऐकल्याच नाई, दादा. जहाजावर मशीन कुठची? बंदरावर दुकानात जाऊन इचारो, नवीन काय हाय. थे जे देत, थे पाठवो. पत्र लिहाले बसलो का हात थांबे."

मी कुंपणापाशी होते. म्हणजे त्या वहीत भरलेलं सगळं, सगळ्या गावाची मतं, ती रेघ, तो अर्थ... मी तायडेभाऊंकडे पाहिलं. आता हे रागावणार, का रडणार? ते दोन्ही करत नव्हते. ते भावाची ट्रंक उचलून आत नेत होते.

अर्ध्या तासानं ते कुंपणाशी आले. हाताला पीठ लागलेलं, चेहरा पार गोंधळलेला.

"बाई," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "दोन मानसाइले डाळ किती टाकत असतेत?"