बावीस वर्षं हरीण

बिरूआबांनी माझा चेहरा नीट पाहिला तो आमची ओळख होऊन तीन महिने झाल्यावर. तोपर्यंत ते माझ्या पायांशीच बोलत असत.

मी मूळची शिरूरची. प्राथमिक शिक्षिका. बदली होऊन दौंड तालुक्यात आले आणि भांडगावच्या अलीकडे एका वस्तीवर शाळेजवळ खोली घेतली. पहिल्याच सकाळी नळावर हंडा भरत होते. शेजारच्या ओट्यावर एक उंच, काटकुळे म्हातारे तांबडं मुंडासं बांधून बसले होते. माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "बाई, डाव्या टाचंवर लई भार टाकताय. पन्नाशीला गुडघा जानार."

मला राग आला. मी तेव्हा सत्तेचाळीसची होते, म्हणून जरा जास्तच आला.

बिरूआबा मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता मेंढरं गेली, दोन एकर कांदा आणि चार शेरडं उरली. पण तरुणपणी हा माणूस बावीस वर्षं मुंबईच्या एका बॅले कंपनीत नाचत होता. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, या भागात दुसऱ्याच कशाला तरी बॅले म्हणत असतील. नंतर त्यांनी पत्र्याच्या पेटीतला फोटो दाखवला. अंगाला घट्ट बसलेला पिवळा पोशाख, डोक्यावर शिंगं, आणि दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर.

त्यांची भरती कशी झाली ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. अठराव्या वर्षी चुलत्याबरोबर घोंगड्या विकायला मुंबईला गेले. एका गल्लीत कुत्रं मागं लागलं. आबांनी गठ्ठ्यासकट भिंतीवरून उडी टाकली. भिंतीपलीकडच्या अंगणात कंपनीची तालीम चालली होती.

"नाच बसवनाऱ्या सरांची पाठ हुती माझ्याकडं," आबा सांगतात. "त्यांनी उडी बघितलीच न्हाई. उतरल्याचा आवाज झाला न्हाई, त्यो त्यांनी ऐकला."

न झालेला आवाज कसा ऐकला, असं विचारायची सोय नसते. विचारलं की आबा आपल्या पायांकडे दयेनं बघतात.

त्या कंपनीचा एक खेळ फार चालला. राजकुमार शिकारीला येतो, हरणाला बाण मारतो आणि मग पस्तावतो. आबा ते हरीण झाले आणि बावीस वर्षं हरीणच राहिले. राजकुमार पाच बदलले.

ठकूआजींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या सगळ्याचं कौतुक नाही. "आमी हितं मेंढरं राखली, आन् ह्यांनी तिकडं जाऊन जनावराचंच काम धरलं," असं त्या शेरडांना पाला टाकता टाकता सांगतात. "घरीच ऱ्हायले असते तर काय बिघडलं असतं?"

नाच कुठलाही असो, आबांची त्यावरची टीका ठरलेली असते: "उडी बरी हाय. उतरनं न्हाई." यवतला एका हळदीत डीजे लागला होता. कर्णा छातीत घुसत होता. आबांनी मुंडाशाचं टोक कानात कोंबलं, पुढची खुर्ची धरली आणि दोन तास फक्त पोरांचे पाय बघितले. मग उठून घामानं थबथबलेल्या नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. "उडी बरी हाय. उतरनं न्हाई. लगीन झाल्यावर निवांत शिका." जत्रेतल्या ऑर्केस्ट्राबद्दल ते एवढंही बोलत नाहीत. तिथं नाचणाऱ्या पोरींच्या उंच टाचांच्या सँडली बघून म्हणतात, "बिचाऱ्यांचा घोटा." ढोलावरचा धनगरी गज मात्र त्यांना पसंत आहे. म्हातारी माणसं रुमाल फिरवत गोल धरतात तेव्हा ते म्हणतात, "रशियात ह्याला तिकीट लावलं असतं."

हो, कंपनीबरोबर ते रशियाला गेले होते. तिथं बोटांच्या टोकांवर नाचणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या. सगळी कंपनी त्या मुलींचे चेहरे बघून खुळावली होती. आबा आत, त्या जोडे काढतात तिथं जाऊन बसले. "म्होरनं परी वाटायच्या बाई. जोडा काढला की बोटं कशी, तर ऊस तोडनाऱ्या बाईच्या हातासारखी. फुटल्याली, पट्ट्या बांधल्याली. लोक टाळ्या वाजवत्यात त्या वरच्या अंगाला. खाली काय चाललंय ते कोन इचारीत न्हाई." त्या दिवसापासून माणसाची ओळख पायापासून करून घ्यायची असा त्यांनी नेम केला, असं ते सांगतात. ठकूआजींचं म्हणणं, ते आधीपासूनच तसे होते. मुलगी बघायला आले तेव्हाही त्यांनी फक्त पायच बघितले होते.

त्यांची उभं राहण्याची तऱ्हाही बॅले कंपनीतलीच. टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना. एस्टीत असे उभे राहिले की कंडक्टरला वाटतं, म्हातारबाबांच्या पायात काहीतरी दोष आहे. तो अपंगांच्या जागेवरच्या तरण्या पोराला उठवतो. आबा हूं की चूं न करता तिथं जाऊन बसतात. मी एकदा म्हटलं, "आबा, हे बरोबर नाही." ते म्हणाले, "बावीस वर्सं फुकाट उभा ऱ्हायलो का बाई?"

तर अशा माणसाला मी यंदा शाळेच्या गॅदरिंगसाठी नाच बसवायला बोलावलं. चूक माझीच.

पहिला आठवडा त्यांनी कोणाला हातसुद्धा हलवू दिला नाही. ओसरीखाली पत्रा टाकला आणि पोरांना ओसरीवरून त्यावर उड्या मारायला लावल्या. पत्रा वाजला की परत रांगेत. चौथ्या दिवशी हेडमास्तर धावत आले. "बाई, मुलं सुटली का? काहीच आवाज नाही." ओसरीवरून तीस पोरं मांजरासारखी खाली उतरत होती. नोकरीच्या एवढ्या वर्षांत अशी शांतता मी परीक्षेतही पाहिली नव्हती.

हरीण म्हणून त्यांनी सहावीतली अक्षदा निवडली. अबोल मुलगी. तिची आई कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, त्यामुळे पालकसभेला कधी दिसत नाही. आबांनी अक्षदाला महिनाभर मरायला शिकवलं. "घाईनं मरू नगं. आदी गुडघा. मग खांदा. डोकं सगळ्यात शेवटी, त्याला अजून जगायचं असतंय." मी तालमीला बसत असे, पण हरीण पडलं की आबा टाळी वाजवून थांबवत. शेवट त्यांनी मला कधी दाखवला नाही.

गॅदरिंगला मांडव गच्च भरला होता. सरपंच, केंद्रप्रमुख, पुढं सतरंजीवर बायका. ठकूआजी तेवढ्या आल्या नव्हत्या. शेरडं कोण बघणार, म्हणाल्या. अक्षदाला बाण लागला. आदी गुडघा, मग खांदा, शेवटी डोकं. सगळा मांडव चिडीचूप झाला. केंद्रप्रमुखांनी चष्मा काढला. महिनाभराचे कष्ट फळाला आले असं मला वाटलं, आणि तेवढ्यात मेलेल्या हरणानं डावा पाय दोनदा हलवला.

मांडव हसून लोळला. केंद्रप्रमुखांनी डोळे पुसले, पण ते वेगळ्या कारणानं. पडदा पडल्यावर मी अक्षदाला धरलं. ती म्हणाली, "आबांनीच सांगितलंय बाई. पाठ करून घेतलंय." आबा विंगेत समाधानानं उभे होते. मी तशीच खोलीवर निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ओट्यावर गेले. ठकूआजी मागच्या अंगाला शेळीची धार काढत होत्या.

"आबा, पोरीचं हसू झालं काल. मेलेलं हरीण पाय हलवतं का कधी?"

"तिची आई बघितली का तुमी?"

"नाही."

"मी तिलाच बघत हुतो. रजा टाकून आलती. पोर पडली तवा लुगड्याचा बोळा तोंडात धरला तिनं. पाय हलला, मग सोडला."

मग ते मागच्या दाराकडं बघत, आवाज उतरवून बोलू लागले.

"लगीन होऊन चार वर्सं झाली हुती. पुण्याला खेळ हुता. म्हनलं, हिला एकदा दाखवावं. तिला ठावं न्हवतं मी काय करतो ते. नाचतो म्हनून कुटल्या तोंडानं सांगू? कंपनीत हाय, येवढंच ठावं. तिला वाटायचं मशीन चालवतो. तिसऱ्या रांगंत बसवली. मला बान लागला, मी पडलो. तर ही 'आवं, उठा' म्हनत थेट स्टेजवर. राजकुमाराला धनुष्यासकट ढकलून दिला आन् माझं डोकं मांडीवर घ्यून बसली. लोकांना वाटलं खेळातच हाय. त्या दिवशी पडल्या तेवढ्या टाळ्या परत न्हाई पडल्या."

"मग?"

"येताना एस्टीत, यवत आलं तवा म्हनली, मी न्हाई आता कवा यायची बघाया. म्होरल्या खेळापासनं मी पाय हलवाया लागलो. सर लई बोलायचे. मेलेलं जनावर हलतं का म्हनायचे, तुमच्यासारखं."

"पण आजी तर येणारच नव्हत्या."

"तिचा काय भरवसा बाई. न सांगता यिऊन मागं बसली असली तर?"

"रशियात?"

आबा जरा ओशाळले. "हलवला. सवय झालती."

मागं चरवीत धारेचा आवाज चालू होता. मी हळूच विचारलं, "हे आजींना सांगितलंत कधी?"

"न्हाई." आबांनी मान हलवली. "म्हनंल, पगार घेत हुता न्हवं, मग नीट मरायचं."