वाघमारे सरांची जलकाच

आमच्या हायस्कूलचे विज्ञानाचे वाघमारे सर एकदा दात दुखत नसताना बारामतीला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन खुर्चीवर बसले होते. त्यांना तार हवी होती. एका विज्ञानकथेत अंतराळयानाची वाकलेली पाती ऊन लागलं की आपोआप पूर्वीच्या आकाराला येत. दुसरा कुणी वाचून पुस्तक मिटेल. सरांनी तो धातू शोधायला घेतला आणि वाकडे दात सरळ करायच्या तारेपाशी येऊन पोचले. दुसऱ्या दिवशी आम्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ती तार वेडीवाकडी मुरगळली आणि माझ्या गरम चहात बुडवली. तार वळवळली आणि पुन्हा होती तशी कमानदार झाली. माझा चहा गेला, पण सरांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद होता.

"हाय म्हंजे हाय," ते म्हणाले. "नाव तेवढं वेगळं आसतंय."

हे त्यांचं पालुपद. लेखक मंडळी नुसत्या डोक्यातून काही काढूच शकत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. कथेत कितीही अचाट पदार्थ आला तरी त्याचा सख्खा भाऊ जगात कुठंतरी असणारच, आपण फक्त गाठ घालून द्यायची. मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात घेऊन ते म्हणत, "एक स्थळ आलंय." अटसुद्धा उपवर मुलीच्या बापासारखी, स्थळ जवळपासचं पाहिजे. जपानात मिळणारी वस्तू ते धरत नसत. "बारामतीच्या बाजारात घावतं का, ते बोला."

एका कथेतल्या, घाव बसला की दगड होणाऱ्या चिलखताला त्यांनी कॉर्नफ्लोअरचं पीठ शोधलं. परातीत ते पाण्यात कालवून हेडमास्तरांना बुक्की मारायला लावली. बुक्की वरच अडली. मग हळूच बोट घालायला सांगितलं, तर ते अलगद आत गेलं. हेडमास्तरांनी दचकून बोट उपसलं आणि अंगठी आतच राहिली. ते घाईघाईनं चाचपायला लागले, तसं पीठ आणखी घट्ट झालं. "दमानं घ्या," सर म्हणाले. "ह्याच्याशी जबरदस्ती चालत न्हाय." अंगठी निघाली, पण हेडमास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

सर खरे अडले ते जलकाचेपाशी. एका कथेतल्या या काचेतून बघितलं की कितीही खोल पाण्याचा तळ अंगणासारखा स्वच्छ दिसे. ही कथा त्यांनी घरी बायकोला, आमच्या शकुवहिनींना, वाचून दाखवली. वहिनी जुन्या पळसदेवच्या. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा गाव वर सरकलं आणि त्यांचं माहेर खाली राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ उघडं पडतं, माणसं बघायला जातात. वहिनींचं घर त्याहून सखल जागी होतं. ते कधीच वर आलं नाही. भाकरी थापता थापता वहिनींनी एवढंच विचारलं, "आसलं काय खरं आसतं का वो?"

सर सवयीनं "हाय म्हंजे हाय" म्हणून गेले आणि त्यांचं सुख संपलं. चष्मेवाले झाले, फोटोवाले झाले, साखर कारखान्याची प्रयोगशाळा झाली. स्थळ काही जुळेना. वहिनींनी पुन्हा विचारलंही नाही आणि त्यामुळंच सरांना जास्त टोचत होतं.

शेवटी एका मे महिन्यात त्यांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं बूड कापून तिथं काच बसवली आणि खिडकीच्या काचांना लावतात त्या लांबीनं पक्की केली. वरच्या लाटा आणि चकाकी नजरेच्या आड येतात, डबा बुडवला की ती अडचण जाते, असा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. आम्ही तिघं एसटीनं पळसदेवला गेलो आणि ओळखीच्या मासेवाल्याची होडी घेतली. देवळाच्या पुढं गेल्यावर वहिनींनी हात केला. "हितंच. उताराला आमचं घर."

आधी सरांनी डबा बुडवून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डबा माझ्याकडं दिला. आत नुसतं हिरवं, गढूळ पाणी. वीतभराच्या पुढं काही दिसत नव्हतं. सरांचा चेहरा पार उतरला होता. "गाळाचा इचारच केला न्हाय मी," ते माझ्या कानाशी पुटपुटले. आता वहिनींना काय सांगायचं, म्हणून ते शब्द जुळवत होते, तोवर वहिनींनी माझ्या हातातून डबा घेतला, पदर खोचला आणि वाकून डब्यात तोंड घातलं. मासेवाल्यानं वल्हं थांबवलं.

त्या वर आल्या तेव्हा कपाळावर पत्र्याची कड उमटली होती.

"दिसलं का काय?" सरांनी भीत भीत विचारलं.

"दिसलं की," वहिनी म्हणाल्या. "उंबरा हाय. न्हाणीचा दगुड बी जागंवर हाय." मग सरांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "लई चांगली काच केली तुमी."

एरवी सर स्वतः तपासल्याशिवाय सूर्य उगवल्याचंही मान्य करत नसत. त्या दिवशी त्यांनी डबा पुन्हा पाण्यात घातला नाही. रुमालानं काच कोरडी केली आणि परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. खिडकीशी वहिनींचा डोळा लागला होता.

मी हळूच विचारलं, "सर, मग जलकाचेचं काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वहिनींच्या कपाळावरचा वळ अजून गेला नव्हता, तिकडं बघत ते म्हणाले, "हाय म्हंजे हाय. नाव तेवढं वेगळं आसतंय."