नव्वद टक्के सुरक्षा

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी डोंगरवाटेच्या तिसऱ्या वळणावर अस्वल दिसले. सात चव्वेचाळीसला गिरिभ्रमण मंडळाच्या दहा सभासदांपैकी नऊ जण खाली वाहनतळावर सुखरूप पोचले. सात पंचेचाळीसला चिटणिसांनी वहीत 'मोहीम यशस्वी' अशी नोंद केली.

जंगलातली सुरक्षितता ही एकट्याने भोगायची गोष्ट नाही. ती गटाने मोजायची असते. एकटा माणूस अस्वलापुढे एक तर शंभर टक्के वाचतो, नाही तर शून्य टक्के. इतका बेभरवशाचा कारभार जबाबदार संस्थेला शोभत नाही. म्हणून मंडळाने दहाचा गट ठरवला आणि सुरक्षिततेचे प्रमाण नव्वद टक्क्यांवर पक्के केले. (पलीकडच्या वस्तीतले मंडळ पाचपाच जणांनी जाते. त्यांचे प्रमाण ऐंशी टक्के. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.)

उरलेले दहा टक्के म्हणजे घड्याळजी.

घड्याळजींचे दुकान एका जिन्याखाली होते. एक स्टूल, एक भिंग, एक दिवा आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी चौदा घड्याळे. दोन वर्षांपूर्वी मंडळाचे चिटणीस तिथे स्टॉपवॉच दुरुस्तीला घेऊन गेले. चिटणीस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुरुस्ती संपवून घड्याळजी स्टुलावरून उठले, डावा गुडघा हाताने धरून चार पावलांवरच्या फळीपर्यंत गेले आणि परत आले. दुरुस्त झालेल्या स्टॉपवॉचवर चिटणिसांनी पहिली मोजणी केली ती हीच. एकवीस सेकंद.

"घड्याळजी," चिटणिसांनी आकडा वहीत टिपत विचारले, "तुम्ही डोंगरात येता का?"

त्या वेळी मंडळाच्या प्रतीक्षायादीत एकतीस जण होते. सगळे काटक, दोन तर धावण्याच्या शर्यतीत बक्षिसे मिळवलेले. त्यांना नम्रपणे 'कळवतो' म्हणून सांगण्यात आले. घड्याळजींची मात्र शंभर मीटरची चाचणी झाली. ते साठाव्या मीटरला एका दगडावर टेकले, आणि समितीने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

नियमावलीचे चौथे कलम सांगते : 'प्रत्येक गटात एक सभासद सावकाश असावा. त्याचा मान सर्वांनी राखावा.' मान खरोखरच राखला जाई. सगळ्यांचा खाऊ, उकडलेली अंडी आणि मधाची बाटली विश्वासाने घड्याळजींच्याच पाठीवर दिली जाई. (विश्वास साधारण अकरा किलोचा होता.) बाकीच्यांच्या गळ्यात शिट्ट्या असत. घड्याळजींना शिट्टी नव्हती, कारण मागे राहिलेल्याने शिट्टी वाजवली तर पुढच्यांचा वेग मंदावतो, असे अभ्यासाअंती दिसले होते.

आणि शनिवारी संध्याकाळी न चुकता फोन येई. अध्यक्षांचा. अध्यक्ष दंतवैद्य होते.

"घड्याळजी, गुडघा कसा आहे?"

"फार ठणकतोय हो."

"वा, वा! म्हणजे, काळजी घ्या. उद्या सहाला."

घड्याळजींच्या गुडघ्याची चौकशी घरात बायकोखेरीज कोणी करत नसे. मेहुणा त्यांना 'बंद पडलेलं घड्याळ' म्हणे. दोन खोल्यांच्या त्या घरात आठवड्यातून एकदा कोणीतरी बाहेरून फोन करून आपल्याला बोलावते, याचे अप्रूप त्यांना शुक्रवारपासूनच वाटू लागे. बूट ते आदल्या दिवशीच पुसून ठेवत.

त्यांची बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. माणसे रांगेत कुठे उभी राहतात आणि का, हे तिला चांगले कळत असे.

"अहो, चालताना तुमच्या मागे कोण असतं?"

"कोणी नाही. सगळे पुढे."

"आणि अस्वल कुठून येतं?"

"अगं, असं काही ठरलेलं नसतं त्याचं."

"त्याचं नसेल. मंडळाचं ठरलंय. बुधवारी नऊची वेळ घेतलीय मी ऑपरेशनची. महिन्याभरात नीट चालाल."

घड्याळजी त्या रात्री बराच वेळ गुडघा कुरवाळत बसले. जुना सोबती होता. त्याच्यामुळेच चार माणसांत ऊठबस झाली होती. नीट चालणाऱ्या घड्याळजींना अध्यक्ष फोन करतील का? त्यांनी चिटणिसांना ही बातमी दबकत सांगितली. समितीची तातडीची बैठक झाली आणि 'सभासदांच्या शारीरिक वैशिष्ट्यांचे जतन व संवर्धन' या विषयावर ठराव संमत झाला. ठरावाची प्रत घरी आली.

"गुडघा तुमचा आहे की मंडळाचा?" बायकोने विचारले. घड्याळजी म्हणाले, एवढा रविवार जाऊ दे, मग बघू.

तो रविवार हा.

अस्वल दिसताच नऊ शिट्ट्या वाजल्या आणि अठरा पाय उताराला लागले. घड्याळजी होते तिथेच राहिले. त्यात शौर्य नव्हते. वळून पळायचे तर डाव्या पायावर भार द्यावा लागला असता. सवयीने त्यांनी मनगटावरची वेळ पाहिली. मग पाठ न फिरवता, एकेक पाऊल चाचपत, ते मागे सरकू लागले. घाबरून गप्प बसवेना, म्हणून ठरलेल्या दिवसाआधीच घड्याळ मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत तसे बोलू लागले. "अजून व्हायचंय. जरा थांबावं लागेल. मी कुठे पळून जातोय?"

अस्वलाने त्यांच्याकडे पाहिले. मग खाली पळणाऱ्यांकडे पाहिले. जे पळते त्याच्यामागे जावे, एवढेच अस्वलाला कळत असावे. अकरा किलो खाऊला वळसा घालून ते उताराला लागले.

खिशात फोन वाजला. अध्यक्ष होते. धाप लागलेली.

"घड्याळजी! आहात ना? म्हणजे... कुठे आहात?"

"तिसऱ्या वळणावर."

"आणि अस्वल?"

"तुमच्याकडे यायला निघालंय. पोचेलच आता."

ते सात शेहेचाळीसला पोचले. पुढची पंचवीस मिनिटे सात जणांच्या गाडीत नऊ जण बसले होते. अस्वल बॉनेटवर पुढचे पाय ठेवून आतली व्यवस्था पाहत होते. अध्यक्षांची विजार मागून उसवली होती. ती पळताना उसवली की बसताना, यावर अहवालात दोन मते आहेत. मग अस्वल कंटाळून निघून गेले. 'मोहीम यशस्वी' ही नोंद आधीच शाईने झालेली असल्याने खोडता आली नाही.

सोमवारी चौकशी समिती बसली. समितीने धैर्याने सत्याला सामोरे जायचे ठरवले. सत्य असे निघाले की, मागची जागा ही सर्वांत सुरक्षित असून गेली दोन वर्षे ती ज्येष्ठता न पाहता एका नव्या सभासदाला देण्यात आली होती. हा अन्याय दूर झाला. अध्यक्षांच्या दोन्ही गुडघ्यांत त्याच दुपारी कळा सुरू झाल्या. चिटणिसांनी स्वतःची चाल मोजली आणि चार पावलांना सव्वीस सेकंद लागतात, असे सही करून दिले.

आता गटाला पुढे चालणारा कोणीतरी हवा होता.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. शनिवार नसताना.

"घड्याळजी, उद्याचं ऑपरेशन नक्की ना? मंडळाची पूर्ण संमती आहे. जुना ठराव रद्द. एकदा पाय धड झाला की तुम्ही सगळ्यांत पुढे! नेतृत्व तुमचंच."

घड्याळजींनी फोन ठेवला. आयुष्यात त्यांना कोणी पुढे बोलावले नव्हते.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारले.

"पुढे चला म्हणतायत."

"परवापर्यंत गुडघा नको होता दुरुस्त व्हायला, आज हवाय. तुम्हाला काय हवंय ते विचारलं का कोणी?" ती भाजी चिरायची थांबली. "माझ्यासाठी करा. दवाखान्याचा जिना उतरताना रोज मला वाटतं, कोणीतरी बरोबरीनं चालावं. पुढेही नको, मागेही नको."

बुधवारी आठ वाजून पन्नास मिनिटांनी घड्याळजी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. बायको खिडकीवर नोंदी करत होती. नऊला आतून हाक आली, त्याच क्षणी खिशातला फोनही वाजला. आधी कशाला ओ दिली, हे समजू शकले नाही. ते उठत होते, एवढे नक्की. त्यांना वेळ लागतो.

मंडळाने मात्र खबरदारी म्हणून पुढच्या जागेसाठी अर्ज मागवले आहेत. वयाची अट नाही, अनुभवाची नाही. सगळे आपल्याला पुढे का करतात, हा प्रश्न ज्यांना कधी पडलेला नाही, त्यांना प्राधान्य मिळेल. पहिल्याच दिवशी एकशे बारा अर्ज आले. त्यांत वाचकांपैकी कोण कोण आहे, याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही.