फुकटच्या सॉफ्टवेअरची खोड

रामेश्वरनं ती गोष्ट बापाला जेवताना सांगितली, हीच पहिली घोडचूक. बंकटला जेवताना काही सांगू नये, हे युसूफ वडगाव या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हातातला घास ताटात टाकून भांडायला उठणारा माणूस तो! पण रामेश्वरला शिकून शिकून एवढीही अक्कल आली नव्हती.

"आबा, एका सॉफ्टवेअरमदी मला भोक सापडलंय," तो म्हणाला. "पन कुनाला बोलू नका."

"कावून?" बंकटनं विचारलं, आणि घास ताटात पडला.

आता हे भोक कसलं, ते सांगायलाच हवं. साल दोन हजार दोन. रामेश्वर केजला केदारनाथच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. तिथलं इंटरनेट फोनच्या तारेवर चालायचं, आणि तार मेली मिनिटामिनिटाला तुटायची. म्हणून सगळा क्लास एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर तगून होता. लाइन तुटली, तरी फाइल जिथं अडकली तिथून पुढे ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचं. परदेशातल्या कुणा भल्या गृहस्थानं ते लिहून, आतल्या नटबोल्टांसकट सगळ्या जगाला वाटून टाकलं होतं.

पण त्यात एक खोट होती. आलेली फाइल कुठं ठेवायची, हे घेणाऱ्यानं ठरवावं की नाही? हे येडं मात्र पाठवणाऱ्याचं ऐकायचं. तो म्हणाला चुलीत ठेव, की चुलीत! पोळ्याच्या सुमाराला रामेश्वरनं गणपतीचं एक चित्र उतरवलं, आणि ते थेट क्लासच्या निकालाच्या फाइलवर जाऊन बसलं. निकाल साफ! केदारनाथनं आठवडाभर पोरांना शिव्या घातल्या. रामेश्वरनं खोदून खोदून खरं कारण शोधलं आणि त्या परदेशी गृहस्थाला कळवलं.

गृहस्थाचं उत्तर आलं : आभारी आहे. दुरुस्ती होईपर्यंत कुणाला सांगू नका, चोरांच्या कानावर जाईल. दुरुस्तीच्या घोषणेत शोधणारा म्हणून तुमचं नाव टाकतो.

त्या नावावर रामेश्वरचा जीव टांगलेला होता. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, घोषणेत नाव दिसू द्या, नोकरी तुमची. झालं! रामेश्वरनं तोंडाला कुलूप लावलं. दसरा गेला, दिवाळी गेली. गृहस्थाचं आपलं एकच, बघतो. काय बघत होता कोण जाणे!

"मालक कोन हाय त्या सॉफ्टवेअरचा?" बंकटनं विचारलं.

"मालक असा न्हाई, आबा. सगळ्यांचंच हाय. कुनीबी वापरावं, कुनीबी दुरुस्त करावं."

"म्हंजे देवाला सोडलेला सांड."

"तसंच समजा."

"आन सांड मारका झालाय, हे तुला पोळ्यापास्नं ठावं हाय. गावात वरडून सांगायचं सोडून तू एका मानसाला चिठ्ठी लिवली आन गप बसलास?"

"आबा, चोराला कळलं तर—"

"चोराला कळंल म्हनून बाकीच्यांनी शिंगावर जायचं? वा रे शिकलेला!"

"जेवा की आधी," ताराबाई म्हणाली. "भाकर गार व्हायली."

"तुझ्या लेकानं भूक मारली माझी!"

बंकटचा राग समजून घ्यायला त्याचा धंदा माहीत हवा. त्याची हयात गुरं-मेंढरं राखण्यात आणि बाजारात विकण्यात गेली. जनावर विकताना तो आधी खोड सांगायचा, मग किंमत. तीही कानात नाही, चारचौघांत, घसा ताणून. गिऱ्हाईक पळून जायचं, ताराबाई कपाळाला हात लावायची, पण बंकटचा बैल कुणी परत आणला असं कधी झालं नाही. खोड दाबून जनावर देणाऱ्याच्या घरचं पाणीही तो पीत नसे. आणि आता त्याच्याच घरात, त्याच्याच पोटचा पोरगा खोड दाबून बसला होता. तळपायाची आग मस्तकात जाईल नाही तर काय!

पुढच्या बाजाराला बंकटनं एक बैल उभा केला. माणसं जमली, तसा तो ओरडला, "बैल गाडीला चालतो, नांगराला बसतो! मारलं तरी उठत न्हाई! बघून घ्या, मागनं बोलायचं न्हाई! आन दुसरं, केजच्या क्लासातल्या कॉम्प्युटरमदी भोक हाय! माझ्या पोरानं हुडकलंय आन दाबून ठिवलंय!"

बैलाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. खत-बियाण्यांचा दुकानदार राधाकिशन गर्दीतून पुढे घुसला. त्याची लेक संगीता केदारनाथच्याच क्लासला जात होती.

"कसलं भोक बे? काय बाहीर येतं त्यातनं?"

"बाहीर येत न्हाई, बाहीरचं आत घुसतं. आन आतलं खाऊन टाकतं. पोरांचा निकाल खाल्ला न्हाई का?"

एवढं पुरे झालं. लोकांना काय, निमित्तच हवं असतं! निकाल खाल्ला ही बातमी जीपमध्ये बसली, आणि केजला उतरेपर्यंत, त्या कॉम्प्युटरला हात लावला की घरातला सातबारा कोरा होतो, अशी झाली. सटवा नावाच्या एका गृहस्थानं तर आपला सातबारा तांदळाच्या डब्यात लपवला आणि पोराला हात धुवायला लावूनच घरात घेतलं. दुपारपर्यंत केदारनाथच्या क्लासपुढे आईबाप गोळा झाले. सगळ्यात पुढे राधाकिशन.

"संगीताचं नाव काढून टाका! माझी आठ एकर जमीन हाय!"

"अहो, जमिनीचा काय संबंध?" केदारनाथ कळवळून म्हणाला. कपाळावरचं भस्म घामानं नाकावर उतरलं होतं.

"ते तुमच्या मास्तरला इचारा!"

केदारनाथनं रामेश्वरला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "खरं सांग. भोक आहे की नाही?"

"हाय सर. पन—"

"पोळ्यापासून? माझ्या मशिनींत? आणि मी त्या बिचाऱ्या पोरांना शिव्या घालत होतो, तेव्हा तू शेजारी उभा राहून माझ्याकडं बघत होतास?"

"सांगायचं नव्हतं, सर. शब्द दिलता."

"शब्द! परक्याला शब्द, आणि ज्याच्या क्लासात शिकवतोस त्याच्याशी चोरी? चल नीघ इथून! पुन्हा पाय ठेवशील तर याद राख!"

केदारनाथ एवढ्यावर थांबला असता, तरी चाललं असतं. पण भडकलेला माणूस थांबतो कुठं? त्यानं मशीन चालू केली, रामेश्वरनं गृहस्थाला लिहिलेली पत्रं त्यातून उपसून काढली आणि ते सॉफ्टवेअर वापरणारं सगळं जग इंटरनेटवर जिथं गप्पा मारायचं, त्या चावडीवर भोकाची पुरी कुंडली मांडून टाकली. शेवटी विचारलं, लाज वाटत नाही का? खाली सही ठोकली, केदारनाथ, केज.

महिनोन्महिने बघतो, बघतो म्हणणारा तो परदेशी गृहस्थ अशी बोंबाबोंब होताच ताडकन उठला आणि एका दिवसात भोक बुजवून मोकळा झाला. वर घोषणेत लिहिलं, भोक दाखवून दिल्याबद्दल केजचे केदारनाथ यांचे आभार. रामेश्वरचं नाव कुठंच नाही. घोषणा आपोआप बनली असेल, की गृहस्थाला जुनी पत्रं चाळायचा कंटाळा आला असेल, देव जाणे.

केजला ती घोषणा वाचून रामेश्वर घरी आला तो पिशवी भिंतीवर फेकतच. "झालं समाधान? क्लास गेला! पुनं गेलं! नाव केदारनाथचं लागलं! गप बसायला काय जात होतं, आबा, तुमचं?"

"केदारनाथचं कसं लागलं?" बंकट उठून उभा राहिला. "हुडकलं तू आन नाव त्याचं? ही तर चोरी झाली! कंपनीचा नंबर दे."

"आता काय उपेग?"

"नंबर दे म्हनलं ना!"

राधाकिशनच्या दुकानात एसटीडी फोन होता. बंकटनं नंबर लावला. रामेश्वर मागे खताच्या पोत्यावर डोकं धरून बसला. पुण्याला आवाज फोनशिवायच पोचावा अशा बेतानं बंकट गरजला, "सायब, ते भोक माझ्या रामेश्वरनं हुडकलं! केदारनाथनं न्हाई! चिठ्ठ्या हायत, दावतो!"

पलीकडचे साहेब म्हणाले, चिठ्ठ्या बघू, मग विचार करू.

"थांबा! मी खोड सांगूनच मानूस देतो. पोरगं हुशार हाय, पन दाबून ठिवतं. पोळ्यापास्नं दाबलं."

"आबा!" रामेश्वर पोत्यावरून ओरडला. "ठिवा तो फोन!"

"तू गप! सायब, मालक पोरांना शिव्या घालीत हुता, आन हा शेजारी हुबा राहून गप. सख्ख्या आईला बोलला न्हाई. मला सांगतलं ते दिवाळी झाल्यावर. मागनं म्हनू नका, की बापानं फसवलं."

 पलीकडून साहेबांनी विचारलं, "म्हणजे सगळं माहीत असून, गिऱ्हाइकांचं नुकसान डोळ्यांदेखत होत असूनही कुणाला कळू दिलं नाही?"

"न्हाई."

"सोमवारी पाठवून द्या त्यांना. असाच माणूस हवा होता आम्हाला. पगार ठरला होता, त्याच्यावर थोडा देऊ."

बंकटनं फोन ठेवला.

"काय म्हनले?" रामेश्वरनं घाबरत विचारलं.

"घेतलं तुला."

राधाकिशन आनंदानं ओरडला, "पेढे आना, बंकटराव!" रामेश्वर बापाच्या पाया पडायला वाकला. पण बंकटचा हात अजून फोनवरच होता.

"रामेश्वर," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ह्या कंपनीचं काय सामान आपल्या घरात तर न्हाई ना रे?"