गजाचं आठ पाटांचं यंत्र

कोथिंबीर, मिरच्या, आलं आणि नारळ एवढ्या चार वस्तू आणायला गजा तळगावकर तिसऱ्या मजल्यावरून चार वेळा खाली उतरे. आईने दिलेली चिठ्ठी तो खिशात नेत नसे. घरातच फळीवर ठेवी. एक ओळ वाचायची, खाली जायचं, वस्तू आणायची, मग पुढची ओळ. गिरगावातल्या त्याच्या चाळीखालचा भाजीवाला चौथ्या खेपेला विचारी, "आता काय आठवलं, साहेब?"

"आठवलं नाही, वाचलं," गजा गंभीरपणे सांगे. "एका वेळी एकच हुकूम."

मला तो म्हणे, "गणकयंत्र असंच चालतं. हुकूम आणायचा, समजून घ्यायचा, पार पाडायचा. पण गंमत बघ. नारळ घ्यायला अर्धं मिनिट लागतं, जिन्याला पाच. वेळ कामात जात नाही रे, आणण्यात जातो."

"आणि माझं वाटण राहतं, ते कशात जातं?" आतून त्याची आई विचारी.

आम्ही दोघे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. गणकयंत्र हा विषय अभ्यासक्रमात नव्हता आणि प्रत्यक्ष यंत्र तर आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. पण परदेशात शिकून आलेले आमचे एक सर संध्याकाळी त्याच्या रचनेवर जादा वर्ग घेत. पहिल्या दिवशी चाळीस जण आले. दिवाळीनंतर आम्ही दोघे उरलो. मी वहीत उतरवून घेई. गजा घरी जाऊन तसा वागू लागे.

यंत्राच्या स्मरणात प्रत्येक जागेला नंबर असतो आणि त्या जागेत काहीतरी साठवलेलं असतं, हे शिकल्यावर तो चाळीतल्या लोकांना खोलीच्या नंबराने हाक मारू लागला. "अकरा नंबर, आज तुमच्यात काय आहे?" असं त्याने अकरा नंबरच्या वयस्क गृहस्थांना विचारलं.

"वायू," ते म्हणाले.

गजाने ते वहीत लिहून घेतलं.

मी दादरला राहत असे. तरी दहा महिने रोज संध्याकाळी गजाकडे जात होतो, कारण सरांचं शिकवणं मला त्याच्या वेडेपणातूनच समजे. आणि एक दिवस त्याने ठरवलं, बेरीज करणारं यंत्र बांधायचं. त्याला लागणारे, रेडिओत असतात तसले काचेचे व्हॉल्व्ह आणायला पैसे नव्हते. चाळीत माणसं मात्र भरपूर होती.

गॅलरीत त्याने आठ पाट मांडले आणि आठ जणांना बसवलं. यंत्राला दोनच आकडे ठाऊक, शून्य आणि एक. हात खाली म्हणजे शून्य, हात वर म्हणजे एक. पहिल्या पाटाची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अशी दुप्पट होत आठव्याची एकशे अठ्ठावीस. हातचा आला की शेजारच्याच्या तळहातावर चिंचोका ठेवायचा. चौथ्या पाटावर मी होतो, पाचव्यावर गजाची आई, सहाव्यावर गिरणीत काम करणारे परबकाका.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. यंत्राचे दोन-तीन भाग नेहमीच मोर्चात गेलेले असत. एका संध्याकाळी तालीम ऐन रंगात असताना खालून मोर्चा गेला. "संयुक्त महाराष्ट्र..." एवढं ऐकू आलं मात्र, "झालाच पाहिजे!" म्हणत आठही जणांनी हात वर केले. पाच अधिक तीन यांचं उत्तर दोनशे पंचावन्न आलं.

"यंत्राला मत नसतं!" गजा ओरडला.

"अरे मेल्या, घोषणा इली की हात वर जातलोच!" परबकाका म्हणाले. "तुझ्या यंत्राक सांग, आधी मुंबय, मगे बेरीज!"

तेव्हापासून गजाने नियम केला: घोषणेला डावा हात, बेरजेला उजवा. यंत्र सुधारलं. पुढचे दहा दिवस एकही बेरीज चुकली नाही. अकरा नंबरही एकदा येऊन आपलं वय आणि बायकोचं वय यांची बेरीज करून घेऊन गेले. बायको म्हणाली, उत्तर चुकलंय. गजा म्हणाला, "यंत्र बरोबर आहे. तुम्ही सांगितलेलं वय तपासा."

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत तेव्हा खरंखुरं गणकयंत्र बांधायचं काम सुरू होतं. तिथे शिकायला सर आमच्यातलं एकच नाव पाठवणार होते. गजाचं यंत्र पाहायला ते रविवारी चाळीत आले. मला म्हणाले, "हे चाललं, तर मला दुसरा विचार करायचं कारण नाही."

त्यांनी बेरीज दिली: सत्याहत्तर अधिक अठ्ठावन्न. चिंचोका माझ्याकडे तयार होता. शेजारी गजाच्या आईने तळहात पुढे धरला होता. मी मूठ उघडली नाही.

उत्तर एकशे पस्तीस यायला हवं होतं. एकशे एकोणीस आलं. माझ्यापुढचे चारही हात चुकले, त्यामुळे कोणाचं चुकलं ते कोणालाच कळलं नाही. गजा खाली बसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि एकदा वर पाहिलं. मग म्हणाला, "रचनेतच चूक आहे, सर. माझी."

सरांनी माझं नाव पाठवलं.

मी जन्मभर गणकयंत्रांवर काम केलं, मोठा झालो. गजा गोदीत नोकरीला लागला. निवृत्तीच्या माझ्या सत्कारात मी आठ पाटांच्या यंत्राची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणालो, "पण बिचाऱ्याला बेरीज काही जमली नाही." सभागृह खूप हसलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवड्याने मी गिरगावात गेलो.

गजा त्याच खोलीत होता, एकटा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"बस रे," तो म्हणाला. "माहीत आहे मला. उत्तर सोळाने कमी आलं, नेमकं सोळाने. पाचव्या पाटाची किंमत सोळा. म्हणजे चौथ्याकडून हातचा पुढे गेला नाही. कागदावर दोन ओळींत कळलं."

"मग सरांसमोर बोलला का नाहीस?"

त्याने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं.

"बोललो असतो तर तू यायचा थांबला असतास. माझं हे वेड ऐकून घ्यायला दुसरं कोण येत होतं?"

त्या रविवारनंतर मी त्या चाळीचा जिना चढलो होतो तो आजच.

"महिनाभर," गजा चहा गाळता गाळता म्हणाला, "संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की आई म्हणायची, आला बघ."