सयाजीच्या पोरांचा घोडा

पलूसला येऊन महिना होत आला, तरी सयाजीच्या पोरांना घोडा काही मिळाला नव्हता. आणि घोडा मिळत नाही तोवर पोरं त्या गावाला आपलं म्हणायला तयार नव्हती.

पोरांचं तरी काय चुकलं म्हणा! दोघंही जन्मली केनियात. सयाजी तिथं एका साहेबाच्या कॉफीच्या मळ्यावर मेस्त्री होता. साहेबाची पागा मोठी. अंजना नीट चालायला शिकायच्या आधी घोड्यावर बसली आणि धाकटा जोतिबा तिच्या मागं. आणीबाणीच्या आदल्या साली सयाजीनं तिथला गाशा गुंडाळला, तेव्हा बोटीवर पाय ठेवताना अंजनानं विचारलं, "बाबा, तिकडं घोडं हायती न्हवं?"

सयाजी पडला स्वप्नाळू गडी. म्हणाला, "आगं, आपल्या मुलखात बघशील तिकडं घोडंच!"

आता बघावं तिकडं ऊस होता. रोज रात्री ताटावर बसलं की पोरं विचारायची, "बाबा, घरी कवा जायाचं?" आणि सयाजी हातातला भाकरीचा घास तसाच ताटात ठेवायचा. बापाच्या गावात बसून पोरं घरी कधी जायचं विचारतात, हे त्याला फार लागायचं.

त्यानं शोधायचं बाकी ठेवलं नव्हतं. टांगेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "घोडं तुमास्नी दिलं, तर टांगा मी वढू व्हय?" सांगलीला वरातीचा घोडा होता. त्याच्या मालकानं आधी चहा पाजला आणि मग विचारलं, "नवरा कुठाय?"

"नवरा न्हाई. पोरं बसायची हायती."

"मग न्हाई जमायचं. बिगर नवऱ्याचं घोडं बघून लोकं इचारत्याल, नवरा पळाला का म्हून!"

थोरल्या भावाचं, नानासोंचं, म्हणणं सरळ होतं. "म्हशीवर बसीव की! घोड्याची कसली थेरं काढलीस?"

नानासोंना तेव्हा वेगळाच घोर होता. जतचे मेंढपाळ अर्जुना आणि त्याची बायको हरणाबाई मेंढरं घेऊन गावात उतरले होते. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं असं खत पडतं की पुढच्या पिकाला बघायला नको. शेजारच्या आप्पासोंनीही अर्जुनाला गळ घातली होती. नानासो आणि आप्पासो बांधाच्या भांडणापासून एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी नानासोंनी अर्जुनाला पोटभर जेवू घालून आजची रात्र आपल्या रानासाठी ठरवली, आणि गावभर मिशीला पीळ देत फिरले.

पण सयाजीला मेंढरं दिसलीच नाहीत. त्याला दिसला अर्जुनाचा घोडा. बुटका, पोट सुटलेला, पाठीवर बिऱ्हाड आणि जाळीत चार दिवसांची कोकरं. सामान उतरल्यावर सयाजी हात जोडून म्हणाला, "अर्जुनादा, पोरांस्नी एक चक्कर मारू द्या."

"मारा की," अर्जुना म्हणाला आणि पाणी प्यायला विहिरीवर गेला.

अंजना टांग टाकून बसली. मागं जोतिबा चढला, आणि चढता चढता त्यानं एक कोकरू उचलून पोटाशी धरलं. सयाजीनं दोरी हातात घेतली.

"आवं, कोकरू खाली ठिवा!" हरणाबाई चुलीपासून ओरडली. पण सयाजी तोवर केनियात पोचला होता.

सांज अशी सोनेरी झाली होती! घोडा डुलत होता, अंजना स्वतःशीच गुणगुणत होती. सयाजीला समोर उसाऐवजी कॉफीच्या टेकड्या दिसायला लागल्या. मागनं कुठूनतरी बें बें असा आवाज येत होता, तोही त्याला गोडच वाटला. वाटेतली माणसं बाजूला होऊन तोंडाचा आ करून बघत होती. त्याला वाटलं, पोरीची बैठक बघत असतील. रस्त्यावर एसटी थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "आवं, आजून किती हायती?"

"दोनच!" सयाजी अभिमानानं म्हणाला. "एक पोरगी, एक पोरगं!"

पुढं मोकळं, कापणी झालेलं रान लागलं. घोडा चरायला थांबला. रानाच्या मधोमध आप्पासो तोंड पाडून बसले होते. ते ताडकन उठले, सयाजीच्या अंगावर आले आणि त्याला चक्क मिठी मारली.

"सयाजी, गड्या, तू देवमाणूस हायस! सख्ख्या भावाला सोडून माज्याकडं आनलीस!"

"काय आनली?" म्हणत सयाजीनं मागं वळून बघितलं.

कोकरामागं त्याची आई आली होती. तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं कळप, आणि कळपामागं कुत्री. मेंढरांचं सगळं खांड आप्पासोंच्या रानात पाय मुडपून बसत होतं.

तेवढ्यात धोतराचा सोगा धरून नानासो धापा टाकत आले. मागं अर्जुना. "उठीव! उठीव समदी!" नानासो गरजले.

"आता न्हाई उठायची, मालक," अर्जुना डोकं खाजवत म्हणाला. "बसली ती बसली. आता सकाळीच."

नानासोंनी दात खाल्ले, सयाजीच्या सात पिढ्या काढल्या, आणि त्या आपल्याही आहेत हे आठवून मधेच थांबले. आप्पासोंना मात्र आनंद मावत नव्हता. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदा बोलले. "नानासो, बसा. दूध घ्या. उद्या पोरगी तुमच्याकडं आनंल की."

दुसऱ्या दिवशी सयाजीच्या दारात ही गर्दी! जो तो म्हणतो, पोरीला आमच्या रानात घोडं फिरवायला पाठव. सगळ्यांना हाकलून नानासोंनी स्वतः घोड्याची दोरी धरली. जोतिबाच्या हातात कोकरूही स्वतःच दिलं, आणि म्हशीचं नाव काढलं नाही. मेंढरं मधेच कुणी वळवू नयेत म्हणून मागं आप्पासो निघाले, आणि त्यांच्यामागं गाव.

सयाजी घोड्याशेजारून चालत होता. पण त्याच्या डोक्यात एकच होतं. मेंढपाळ चार दिसांनी जाणार, मग पुन्हा तेच. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "अंजू, लय आठवन येत आसंल, तर साहेबाला इचारू का? परत जायाचं का घरी?"

अंजनानं मागं वळून मेंढरं बघितली, कुत्री बघितली, भांडत भांडत येणारी माणसं बघितली. मग म्हणाली, "नगं बाबा. तिकडं घोड्यावर बसलं की आमी दोघंच आसायचो. हितं समदं गाव संगट येतंय."

पोरगी पुढं वाकून चुलत्याला म्हणाली, "तात्या, एवड्यात नगा नेऊ रानात. जरा लांबनं घ्या की."

आणि नानासोंनी, बांधाच्या वीतभर मातीसाठी उभं आयुष्य भांडलेल्या माणसानं, निमूट घोडा आप्पासोंच्या बांधावरून वळवला.